तीन घरांचा तंबू

‘दांड्या कुणाकडे हायेत र?’ भाविकने फोनवर विचारलं, आणि प्रितेशचा हात गोडाऊनमधल्या वजनकाट्यावर होता तिथेच राहिला. काट्याने त्या हाताचं वजन इमानाने दाखवलं. आकडा जरा वर, जरा खाली असा थरथरत होता, जणू हातालाच काही ठरवता येत नव्हतं. प्रश्न तर साधा होता. रविवारी माहुली किल्ल्यावर जायचं, मुक्काम वर करायचा, तंबू न्यायचा. तंबूचं वरचं कापड प्रितेशकडे, आतली जाळी आणि खुंट्या भाविककडे. मग दांड्या कुणाकडे. उत्तर दोघांनाही पाठ होतं. भाविकला उत्तर नको होतं, ते प्रितेशच्या तोंडून हवं होतं. ज्याच्या तोंडून नाव निघेल त्यानेच दांड्या आणायला जायचं, हे त्याने फोन लावण्याआधीच ठरवून टाकलेलं असणार. ट्रान्स्पोर्टच्या धंद्यातला माणूस. भाडं ठरवताना पहिला आकडा तो नेहमी समोरच्याला बोलू द्यायचा.

‘मी काय बोलतो,’ प्रितेश म्हणाला, ‘या वेळी तंबूच नको. हॅमॉक नेऊ.’

‘काय नेऊ?’

‘झोळी. दोन झाडांना बांधायची, आत झोपायचं. तंबूच्या निम्मंपण वजन न्हाय. खाली दगड असो, चिखल असो, आपल्याला काय. नेटवर सगळी दुनिया तेच बोलतेय.’

फोनमध्ये थोडा वेळ फक्त एका ट्रकचं मागे येणं ऐकू आलं. ‘झोळी,’ भाविक म्हणाला. ‘तिला दांड्या लागत न्हायत, बरोबर?’

‘न्हाय.’

‘मग चांगलीच असंल,’ भाविक म्हणाला, आणि दोघांनीही सुटल्यासारखा फोन ठेवला.

तंबू प्रितेश, भाविक आणि दौलत अशा तिघांनी मिळून घेतला होता, कॉलेज संपता संपता, मुंबईच्या एका दुकानातून. भिवंडीजवळच्या राहनाळच्या नाक्यावर उतरल्यावर पहिला प्रश्न आला तो हा की, ठेवायचा कुठे. ‘माझ्याकडे’ असं कुणीच म्हणेना. गोडाऊनं येऊन जमिनीला भाव आल्यापासून या गावांतल्या भावाभावांनी अंगणं टेप लावून मोजून घेतली होती. कुठे एका ओट्याच्या मधोमध विटांची भिंत चढली होती, कुठे एका नळाला दोन कुलपं लागली होती. खुद्द प्रितेशच्या घरी त्याचे वडील दाजी आणि काका एकाच भिंतीला दोन बाजूंनी पाठी टेकून जेवत, आणि एकाला ठसका लागला की दुसरा पाण्याच्या तांब्याकडे बघून पुन्हा भात कालवत असे. एकाच्या घरात ठेवलेली वस्तू हळूहळू त्या घराची होते, हे तिघांनीही पाळण्यातून उतरल्यापासून पाहिलं होतं. तेव्हा दौलत म्हणाला, ‘वाटून घ्या.’ आणि नाक्यावरच, केळीवाल्याच्या गाडीशेजारी, त्याने तंबू सुटा केला. कापड एकाकडे, जाळी आणि खुंट्या दुसऱ्याकडे, दांड्या त्याच्याकडे. ‘ज्याला एकट्याने जायचं असंल त्याने ते कापड पांघरून झोपावं,’ तो म्हणाला. पुढे प्रत्येक डोंगरावरून उतरलं की नाक्यावर चहा व्हायचा आणि तंबू तीन घरी जायचा. वाटणी करून माणसं एकत्र राहतात, हे त्या गावात तेवढं एकच उदाहरण होतं, आणि त्याची कुणी दखल घेतली नव्हती, कारण ते फक्त कापड होतं.

वजनाचं वेड प्रितेशला नंतर लागलं. दाजींनी दापोड्याची दोन गोडाऊनं त्याच्याकडे सोपवली, गोडाऊनात कुरियरवाल्यांचा तो काटा आला, ग्रॅमपर्यंत मोजणारा, आणि त्या काट्याने माणसाचं डोकंच फिरवलं. आधी त्याने सॅक मोजली, मग रिकामी सॅक मोजली, मग सॅकवरचे नको असलेले पट्टे कापले. टूथब्रशचा दांडा अर्धा केला. टॉवेलच्या जागी पंचा, पंचाच्या जागी अर्धा पंचा. भिवंडीतल्या सायबर कॅफेत बसून तो परदेशातल्या लोकांची भांडणं वाचायचा: तंबूवाले विरुद्ध झोळीवाले. झोळीवाले म्हणत, तंबू म्हणजे पाठीवर घर घेऊन फिरणं. तंबूवाले म्हणत, झाड नसेल तिथे काय, आकाशाला बांधणार का. झोळीवाले म्हणत, पाठीला दगड टोचत नाही. तंबूवाले म्हणत, पाठीखालून वारा येतो, आणि झोळीत एकच माणूस मावतो. या शेवटच्या मुद्द्यावर झोळीवाल्यांना विशेष काही बोलायचं नसे. प्रितेशला ती भांडणं एखाद्या खटल्यासारखी गोड लागत. बाजूच्या खुर्चीवरची पोरं वेगळंच काही बघत आणि तो स्क्रीनवर वाकला की त्यांना वाटे, हाही तेच बघतोय.

हलकं होण्याची सवय मात्र सॅकपुरती राहत नाही. ती माणसांकडेही वळते. लग्नाच्या हळदीला अर्धा तास, बारशाला पाकीट, नातेवाइकाच्या दहाव्याला सकाळी तोंड दाखवून परत. कुठला माणूस किती जड आहे, त्याच्यामागे आपला किती वेळ जातो, आणि तो कापला तर शिवण उसवते की नाही, हे प्रितेशला आता न मोजता कळायचं. तो वाईट माणूस नव्हता. गावातही त्याला कुणी वाईट म्हणत नसे. म्हणण्याइतका तो कुठे थांबतच नसे.

दौलत पूर्ण्याच्या एका गोडाऊनात सुपरवायझर होता. मागच्या वर्षी शिफ्ट संपताना कापडाच्या गाठींची थप्पी सरकली आणि तो तिच्याखाली आला. कंबरेखालचं सगळं तिथेच संपलं. प्रितेश ठाण्याच्या हॉस्पिटलात दोनदा गेला होता, मोसंबी घेऊन. तिथे बरं होतं: नर्स होती, भेटायची वेळ ठरलेली होती, आणि वेळ संपली की घंटा वाजायची. तिसऱ्यांदा तो पूर्ण्याला, दौलतच्या घरी गेला. तेव्हा तिथे घंटा नव्हती. दौलत बोलता बोलता थांबला आणि नेहमीच्या आवाजात, कुणी मीठ मागावं तसा म्हणाला, ‘जरा कूस बदलव ना र. खालची बाजू पेटलीय.’ प्रितेश उठला. चादरीखालचं ते शरीर कुठून धरायचं, हे त्याला कळेना. डोंगरात कुणी घसरला तर कुठून धरायचं हे त्याला माहीत होतं. दौलतनेच शिकवलं होतं. ‘तुळजाला बोलावतो,’ तो म्हणाला आणि बाहेर आला. दौलतची बायको तुळजा गल्लीच्या टोकाला नळावर होती, पुढे बऱ्याच कळशा होत्या. प्रितेश तिच्याकडे गेला नाही. तो बाइकपाशी उभा राहिला, खिशातून फोन काढून न आलेल्या फोनवर ‘हां, निघालोच’ असं म्हणाला, आणि निघाला.

एवढंच. यात कुणाचं काही बुडालं नव्हतं, तुळजा थोड्या वेळाने आलीच असणार. पण दुसऱ्या आठवड्यात जायचं तर आधी त्या दिवशी का निघून गेलो ते सांगावं लागणार होतं, आणि तिसऱ्या आठवड्यात दुसऱ्या आठवड्याचंही. न जाण्यावर व्याज चढत गेलं, आणि ते चक्रवाढ होतं. दापोड्याला जाताना तो पूर्ण्याच्या नाक्याआधीच कच्च्या रस्त्याला लागू लागला. तिकडे खड्डे होते, कंटेनर अडकलेले असत, धूळ नाकात जाई. पण त्या वाटेवर कुणी ओळखीचं राहत नव्हतं. माणूस हलका व्हायला किती लांबचा रस्ता धरतो याचा काटा अजून कुणी बनवलेला नाही.

झोळी त्याने भिवंडीतल्या एका शिंप्याकडून शिवून घेतली, पॅराशूट कापडाची. शिंप्याने कापड दोन बोटांत चोळून विचारलं होतं, ‘सेठ, ये किसके लिए? बच्चे का झूला है क्या?’ आणि प्रितेश ‘हां’ म्हणाला होता, कारण ‘हां’ सगळ्यात हलकं पडत होतं. शुक्रवारी ऊन कलल्यावर त्याने ती गच्चीवर बांधली. झाडं नव्हती. दाजींनी घर बांधताना पुढच्या मजल्यासाठी खांबांच्या सळया वर उघड्या ठेवल्या होत्या. तो मजला कधी चढला नाही आणि सळया गंजून वाकल्या. त्यातल्या दोन खांबांना दोर बांधून तो आत शिरला. कापडाने त्याला सगळीकडून धरलं. खाली काहीच नव्हतं. पाठीला आयुष्यभर काहीतरी टेकलेलं असतं हे पाठीला माहीत नसतं. ते नसलं की कळतं. वर ऑक्टोबरचं पांढरट आकाश होतं आणि चारी बाजूंनी यंत्रमागांचा, लूमचा आवाज येत होता, जो भिवंडीत आवाज म्हणून कुणी मोजत नाही. छान आहे, त्याने स्वतःला सांगितलं. नेटवरच्या सगळ्या दुनियेला त्याने मनातल्या मनात कळवलं की, छान आहे. मग त्याला कुशीवर वळायचं झालं. तो खांद्यातून वळला, पण कापडाने कंबर सोडली नाही. त्याने गुडघा वर घेतला. झोळीने गुडघाही आपल्या पोटात घेतला आणि त्याला परत उताणा केला. पुन्हा वळला, पुन्हा उताणा. तिरकं झोपावं असं नेटवर होतं, तेही करून झालं. शेवटी तो उताणा पडून राहिला, दोन्ही हात छातीवर, आणि त्याला ‘खालची बाजू पेटलीय’ हे शब्द इतके स्पष्ट ऐकू आले की त्याने मान उचलून जिन्याकडे बघितलं.

जिन्यातून त्याची आई वर येत होती. सीताबाईच्या हातात सुकवलेल्या बोंबलांनी भरलेलं सुपडं होतं. तिने झोळीकडे बघितलं, झोळीतल्या मुलाकडे बघितलं, आणि बोंबील गोणपाटावर पसरायला बसली.

‘रविवारी यातच झोपनार?’

‘हां. हलकी हाय.’

‘आमच्या वक्ताला असं उचलून दवाखान्यात न्यायचे. मागं पुढं दोन मानसं.’ ती बोंबील एकेक सुटा करत राहिली. ‘तुला कोन उचलनार हाय?’

‘आये, उचलायचं न्हाय. झाडाला बांधायची.’

‘बरं.’ तिने गोणपाटाचं दुमडलेलं टोक सरळ केलं. मग, बोंबलांनाच सांगावं तशी, ‘तुळजा भेटली बाजारात. तुझी चौकशी करत व्हती.’

प्रितेश झोळीत होता तसाच राहिला. झोळीतून माणसाला चटकन उठता येत नाही, ही गोष्टही तंबूवाल्यांच्या बाजूची होती. ‘काय म्हणाली?’

‘बोलली, प्रितेशभाऊंना बरं न्हाय का. दौलत रोज इचारतो. बोलतो, काय मोठा आजारबिजार झाला असंल नि आपल्यापासनं लपवतायत, न्हायतर प्रित्या आल्याबिगर ऱ्हायला नसता.’

‘तू काय सांगितलंस?’

‘काय सांगनार?’ सीताबाई उठली. ‘बोलले, बरा हाय. तिला पटलं न्हाय.’

त्या संध्याकाळी जेवताना तो भात नुसता कालवत राहिला. कुणी शिव्या दिल्या असत्या तर त्या हिशेबात मांडून ठेवता आल्या असत्या; आपल्या बाजूलाही काहीतरी लिहिता आलं असतं. पण तिकडे एक माणूस उताणा पडून आपल्यासाठी सबबी शोधत होता, आणि त्याने शोधलेली सबब आपल्या सगळ्या सबबींपेक्षा मोठी, चांगली आणि जड होती. आपल्याला एखादा आजार असता तर, असा विचार प्रितेशच्या मनात आला आणि पुरता येण्याआधी त्याने तो पाण्याबरोबर गिळला. भिंतीपलीकडे काकांना ठसका लागला. दाजींचा हात तांब्यापाशी थबकला आणि परत भाताकडे गेला. प्रितेशने तो हात नीट पाहिला. त्या हातात काही वाईट नव्हतं. तो फक्त बरीच वर्षं तिथेच थबकत होता.

शनिवारी दुपारी तो गेला. नाक्याआधी वळला नाही, सरळ गेला. मनात वाक्य तयार होतं: दांड्या न्यायला आलो. तंबूच बरा, झोळीत कूस बदलता येत नाही. नाही, हे शेवटचं नको. दांड्या न्यायला आलो, एवढं पुरे. काम काढून गेलं की दार ओलांडणं सोपं जातं. काम हातात धरून माणूस आत शिरतो आणि काम झालं की त्याच हाताने बाहेर येतो. ज्या दांड्या टाळायला त्याने झोळीची वकिली केली, त्याच दांड्या आता त्याला उंबऱ्यावरून आत नेणार होत्या, हा फायदा त्याच्या लक्षात आला, आणि त्याबद्दल स्वतःची थोडी लाजही वाटली, पण तीही बेताची.

तुळजा दारातच कापडाचे सुटे धागे कापत बसली होती. बाजूला कापडाचा ढीग, मांडीवर कात्री. तिने वर बघितलं आणि आधी त्याच्या चेहऱ्याकडे, मग पोटाकडे, पायांकडे, असं कुठे काय झालंय ते शोधत बघितलं. ‘या भाऊ. बरं हाय ना आता?’

‘बरा हाय वहिनी.’

‘वाळलात,’ ती म्हणाली. तो मुळीच वाळला नव्हता.

आत खिडकीजवळ पलंग होता. भिंतीपलीकडच्या पत्र्याच्या शेडमध्ये लूम चालू होते, त्यामुळे खोलीतली प्रत्येक वस्तू, पेला, औषधाच्या बाटल्या, बारीक थरथरत होती. दौलत उताणा होता. त्याच्या हातात एक लांबलचक काळी काठी होती आणि तिच्या टोकाने तो भिंतीवरचं पंख्याचं बटण चाचपत होता. टिक् झालं, पंखा फिरू लागला. मग ती काठी हवेतून वळून खुर्चीपाशी आली, खुर्चीवरचे वाळलेले कपडे तिने एका बाजूने ढकलून खाली पाडले आणि खुर्चीच्या पाठीवर दोनदा टकटक केली.

‘बस,’ दौलत म्हणाला.

प्रितेश बसला. ती तंबूची दांडी होती. दुसरी पलंगाच्या बाजूला जमिनीवर पडली होती, मिटलेली, तिच्या नळ्यांभोवती तुळजाच्या केसांचा रबर गुंडाळलेला.

‘काय झालेलं तुला?’

‘काय न्हाय.’

‘खरं सांग र.’

‘काय न्हाय दौलत. काय झालं नव्हतं.’

दौलतने त्याच्याकडे बघितलं. त्याचा चेहरा भरला होता, गोरा झाला होता, उन्हात न गेलेल्या माणसासारखा. पूर्वी तो तिघांत सगळ्यात काळा होता. मग त्याने मान हलवली, काहीतरी वजा केल्यासारखी. ‘मग लय मोठं झालं असंल,’ तो म्हणाला आणि हसला. ‘भाविक बोलला फोनवर, तू झोळी शिवलीस म्हणून.’

‘भाविकचा फोन येतो?’

‘फोन येतो. भाविक न्हाय येत.’ दांडीच्या टोकाने त्याने खिडकीचा पडदा जरा सारला. ‘सांग झोळीचं. वजन किती, पहिलं ते सांग, तुला तेच सांगायचं असंल.’

प्रितेशने सांगितलं. सांगता सांगता त्याला मोकळं वाटू लागलं. कापड, दोर, गाठी, झाडाची साल सोलू नये म्हणून पट्टे. दौलत बारीकसारीक विचारत होता, उताणा, छताकडे बघत, जणू छतावर माहुली होती. माहुलीला वर झाडी आहे, पण वारा खिंडीतून येतो, तेव्हा झोळीचं तोंड कुणीकडे ठेवणार. पाऊस आला तर वर कापड लागणार, ते कापड धरलं का वजनात. की फक्त झोळी धरलीस. ‘तू न्हेमी तसंच करतोस,’ तो म्हणाला. ‘जे लागतं ते मोजत न्हायस, नि मग बोलतोस हलकं हाय. आणि कूस कशी बदलतोस आत?’

‘बदलता येत न्हाय,’ प्रितेश म्हणाला.

‘मग माझ्यावानीच.’ दौलतला ते फार आवडलं. ‘तुळजा, ऐकलंस का, प्रित्या माझ्यासारखं झोपायची प्रॅक्टिस करतोय. वर पैसे घालून.’

तुळजा बाहेरून हसली. मग आत डोकावून म्हणाली, कापलेलं कापड शेठच्या माणसाला देऊन येते, भाऊ बसलेत तोवर. ती डोक्यावर गठ्ठा घेऊन गेली आणि पाठोपाठ लाइट गेली.

लाइट गेली म्हणजे आधी पंखा थांबला नाही. आधी आवाज थांबला. शेजारचे लूम, त्यापलीकडचे, त्याच्याही पलीकडचे, एका दमात बंद पडले, आणि इतका वेळ ज्या आवाजाच्या आडोशाला दोघं बोलत होते तो आडोसा कुणी काढून नेला. पेला थरथरायचा थांबला. दौलतने दांडी उचलून पंख्याचं बटण बंद केलं. ‘लाइट येताना झटका देते,’ तो म्हणाला. ‘मागच्या महिन्यात पंखा जळला.’ त्याने दांडी खुर्चीला टेकवून ठेवली. त्या शांततेत त्याचा श्वास ऐकू येत होता, आणि प्रितेशला स्वतःचाही.

‘आता माझी वळायची वेळ झालीय,’ दौलत म्हणाला. ‘पळायचं असंल तर आत्ताच पळ. अर्धा वळवून पळू नको.’

प्रितेश उठला. ‘कुठून धरू?’

‘एक हात खांद्याखाली. दुसरा कंबरेखाली. ओढू नको, लोटू नको. घसरलेल्या माणसाला धरतो तसा.’

त्याने हात घातले. पावडरचा आणि घामाचा वास वर आला. जड काहीतरी उचलावं लागेल म्हणून त्याने पाय रोवले, श्वास रोखला आणि जोर लावला; आणि दौलत नुसता वर आला. चेहरा भरला होता तेवढाच. बाकी काही नव्हतं. एके काळी माहुलीच्या शिडीवर याच माणसाने त्याला सॅकसकट वर घेतलं होतं. प्रितेशच्या हातांना वजन कळायचं, न मोजता, ग्रॅममध्ये. आत्ताही कळलं, आणि ते कळू नये म्हणून तो इतके महिने कच्च्या रस्त्याने फिरत होता असं त्याला वाटून गेलं. दौलत कुशीवर आला, तोंड भिंतीकडे. पाठीवर चादरीच्या सुरकुत्या लाल उमटल्या होत्या, आणि खाली कंबरेपाशी एक चट्टा होता, ओलसर. त्यावर पावडर होती.

‘बरं केलंस,’ दौलत भिंतीला म्हणाला. ‘हात थरथरतो तुझा. काट्यावर ठेवू नको, आकडा चुकायचा.’

 प्रितेशने चादर वर ओढली, मग खाली, मग परत वर.

‘दांड्या न्यायला आलास ना?’

‘न्हाय. मी झोळीच नेणार. तंबूचं वजन कोण वाहणार.’ कालपर्यंत हेच वाक्य तो स्वतःला वाचवायला म्हणत होता. आता त्या दांड्या इथे राहाव्यात म्हणून म्हणत होता. वाक्यात मात्र काहीच बदल झाला नव्हता, म्हणून दौलतला फरक कळणं शक्य नव्हतं.

‘एक ने,’ दौलत म्हणाला.

‘एकीवर तंबू उभा न्हाय राहत.’

‘मला ठाऊक हाय ते.’ तो भिंतीशीच बोलत होता. ‘दोन्ही राहिल्या तर तुला परत यायचं कारण न्हाय. दोन्ही नेल्यास तरी न्हाय. रबर लावलेली हाय ती उचल, नि जा. तुळजा येईल आता. मी झोपतो.’

प्रितेशने दांडी उचलली. दाराशी पोचून त्याने मागे बघितलं. एक पाठ दिसली. ‘येतो,’ तो म्हणाला.  बाहेर ऊन होतं आणि सगळी गल्ली लाइट नसल्यामुळे ओट्यावर येऊन बसली होती. त्याने दांडी बाइकच्या हँडलला आडवी अडकवली आणि निघाला, आणि निघाल्याबरोबर त्याच्या डोक्याने जुन्या सवयीने हिशेब सुरू केला. गेलो, बसलो, कूस बदलवली. व्याज फिटलं नाही, पण हप्ता तर गेला. दौलत मात्र हुशार. तिसरीच वाटणी करून मोकळा झाला. रागावलाय का तो? रागावलेला माणूस एवढा हसला नसता. की हसतानाच तोंड भिंतीकडे करून घेतलं? ते तर मीच केलं.

नाक्यावर कंटेनरांची रांग होती. त्या गर्दीत एका खड्ड्यात बाइक आपटली, केसांचा रबर तुटला, आणि दांडी आतल्या इलॅस्टिकने एका झटक्यात, नळीत नळी जात, सपकन उघडून लांबच लांब झाली. मागचा रिक्षावाला ओरडला. प्रितेशने ब्रेक मारून ती पकडली. तो रस्त्याच्या मधोमध उभा होता, हातात माणसाहून उंच काळी काठी.

‘क्या सेठ,’ कंटेनरच्या खिडकीतून क्लीनर म्हणाला, ‘झंडा घर पे भूल गए?’

आजूबाजूची माणसं हसली. प्रितेशने दांडी टोकाकडून मिटायला घेतली. दुसरं टोक उघडलं. ते मिटलं, तर हे सुटलं. मधून मिटायची असते र, दौलत प्रत्येक वेळी म्हणायचा आणि प्रत्येक वेळी हातातून काढून घेऊन स्वतः मिटायचा, म्हणून प्रितेश ते कधी शिकलाच नव्हता.

तेवढ्यात लाइट आली. ती दिसली नाही, ऐकू आली. पूर्ण्याच्या बाजूने आधी एक लूम सुरू झाला, मग दुसरा, मग सगळे, आणि जमीन पुन्हा बारीक थरथरू लागली. त्या थरथरीत प्रितेशला ती खोली दिसली. पेला हलू लागला असेल. पंखा फिरत नसेल, कारण त्याचं बटण बंद आहे. दुसरी दांडी खुर्चीला टेकलेली आहे, दौलतच्या पाठीमागे, आणि दौलतचं तोंड भिंतीकडे आहे. तुळजा आली असेल. किंवा नसेल, शेठचा माणूस थांबवून ठेवतो कधीकधी. ‘खुर्ची जवळ घे’ किंवा ‘दांडी हातात दे’ असं दौलत म्हणाला नव्हता. विसरला असेल. दौलत कधी काही विसरायचा नाही.

‘अरे, चलो भी,’ क्लीनरने हॉर्न दाबला.

मिटायला वेळ नव्हता. प्रितेशने ती तशीच उघडी काखेत धरली, एका हाताने हँडल परत पूर्ण्याकडे वळवलं, आणि दांडीच्या लांब टोकाला जागा करून देत रिक्षा, हातगाड्या, माणसं शिव्या घालत दोन्ही बाजूंना सरकली. बाइक जड चालत होती. परत कशाला आलास असं दौलतने विचारलं तर काय सांगायचं, ते वाक्य या वेळी त्याच्याकडे तयार नव्हतं.